मागून घेतलेली जागा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आवाज एकदम कमी होतात. खालच्या मजल्यावरच्या मुलीची यंदा दहावी आहे. तिच्या आईनं टीव्हीवर चादर टाकली आहे आणि जिन्यात चपलांचा आवाज झाला तरी ती दार उघडून बघते. सकाळी अजून गारवा असतो, अकरानंतर मात्र ऊन टोचायला लागतं. गाड्यांच्या काचांवर कडुनिंबाची पिवळी पानं पडलेली असतात. या दिवसांत मला दरवर्षी बीडजवळची एक खोली आठवते आणि त्या खोलीतला एक आवाज. खिळे ठोकावेत तसा, पण एका लयीत चाललेला. तो आवाज अक्षरांचा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. चौसाळ्याला हायवेवर आमचं भांड्यांचं दुकान. बी.एस्सी. झाल्यावर मी बीडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जात होते. दिवसच तसे होते. जिकडेतिकडे एसटीडीचे पिवळे फलक लागले होते, आणि ज्या गल्लीत पूर्वी टायपिंगचा क्लास असायचा तिथं आता कॉम्प्युटरचा आला होता. मी नेमकं काय शिकवते हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी उमगलं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं की ते पातेलं पुसता पुसता सांगायचे, "पोरगी मशीनवर हाय." त्यात अभिमान असायचा आणि थोडी काळजीही.

बीडच्या अलीकडे, हायवेला लागून, अंध मुलांची एक निवासी शाळा होती. एसटीतून जाता-येता तिची पत्र्याची कमान दिसायची. तिथले हबीब सर एक दिवस आमच्या क्लासवर आले, काठी टेकत, एकटेच. गेवराईचे, घरात पिढीजात फळांचा धंदा. पाचव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. पन्नाशीचे असतील. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि बोलताना मान किंचित डावीकडे, जणू समोरच्याचा आवाज उजव्या कानानं नीट पकडायचा आहे.

"मॅडम," ते म्हणाले, "परदेशातून कुणीतरी आमच्या शाळेला एक यंत्र दिलंय. ब्रेल छापायचं. वर्ष झालं, खोक्यात हाय. आमी झाकण काढतो, हात लावून बघतो आन परत झाकतो. ते चालू करता येतं का, येवढंच बघा."

यंत्राबरोबर आलेली फ्लॉपी बुरशीनं गेली होती. ती चालली असती तरी तिला इंग्रजीच येत होतं. यंत्र कॉम्प्युटरला जोडायला एक कार्ड होतं आणि त्या कार्डाचं एक पुस्तक. पुस्तकाच्या शेवटी कोष्टकं होती, कुठल्या ठिकाणी कुठला आकडा लिहिला की यंत्र काय करतं त्याची. मला त्या कोष्टकांचा मोह पडला. कॉलेजातला माझा एक मित्र, नंदू, पुण्याला नोकरीत होता. त्यानं मला लिनक्स नावाच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी आणि ड्रायव्हर कसे लिहायचे यावरच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. मी कधी लिहिला नव्हता. पण हबीब सरांना मी म्हणाले, "होईल." तेविसाव्या वर्षी हा शब्द फार स्वस्त असतो.

हे जानेवारीत. मग रोजचा परिपाठ सुरू झाला. पहिल्या एसटीनं निघायचं, शाळेपाशी उतरायचं, अकराला वीज जाईपर्यंत तिथं काम करायचं आणि नंतर क्लासला. एसटीच्या खिडकीतून दोन्हीकडे ज्वारीची काढणी दिसायची. करडईच्या रानात बाया हाताला कापड गुंडाळून शिरलेल्या असायच्या, काटे लागू नयेत म्हणून. शाळेत पोचले की मुलं तोंड धूत असायची आणि माझ्या पावलांवरून ओळखून "ताई आल्या" असं एकमेकांना सांगायची.

त्या मुलांत कौसल्या होती. दिंद्रुडची. आई बाजारात बांगड्या विकायची. त्या शाळेतून दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी. भाषा आणि इतिहास तिच्याकडे ब्रेलमध्ये होते. इतिहास तर हबीब सरांनी स्वतः उतरवला होता, कुणाकडून तरी वाचून घेऊन, पाटी आणि टोचा घेऊन, एकेक ठिपका हातानं टोचत. त्याला आठ महिने लागले होते. विज्ञानाचं पुस्तक मात्र नवं आलं होतं आणि ते ब्रेलमध्ये कुठंच नव्हतं.

मी तिला एकदा म्हणाले होते, "अगं, वाचून दाखवतातच की बाई संध्याकाळी."

"दाखवतात," ती म्हणाली. "पर वाचणारा थकला की धडा थांबतो, ताई. आन मला एकच ओळ चारदा वाचायची असली तर? दोनदा म्हनलं की बाई म्हनत्यात, लक्ष कुठं हाय तुझं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. म्हणून मला ते जास्त लागलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला यंत्र बोललं. पहिल्या जाड कागदावर मी तिचं नाव छापलं. त्या ठकठकीनं सगळी शाळा दारात जमा झाली. कौसल्यानं कागदावरून बोट फिरवलं, मग परत फिरवलं, आणि म्हणाली, "ताई, माझ्यातला ल अर्धा हाय. तुमी पुरा छापलाय." अख्खी खोली हसली. मीही हसले आणि अर्ध्या अक्षरांचं कोष्टक दुरुस्त केलं.

मग दोन शिक्षिका आणि मी मिळून विज्ञानाचे धडे टाईप करायला लागलो. एक-दोन पानं छापली की ती सुरेख यायची. पण पूर्ण धडा द्यायला गेलं की यंत्र मध्येच थांबायचं. नुसतं यंत्र नाही, सगळा कॉम्प्युटर. कळ दाबली तरी हलायचा नाही. बंद करून परत चालू करायचा, तर डिस्क तपासण्यातच पंधरा मिनिटं जायची, आणि अकराला वीज. दिवसाला चार पानंही धड होईनात. परीक्षा सोळा दिवसांवर.

मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. आणि मशीन जुनं आहे ना."

हे मी तीन दिवस म्हणत होते. कॉम्प्युटर अडकायचा तेव्हा पडद्यावर दरवेळी एकच इंग्रजी वाक्य यायचं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याचा अर्थ मला कळत नव्हता, पण ते व्होल्टेजबद्दल नाही एवढं कळत होतं. छपाई चालू असताना शिक्षिका वर्गावर असायच्या, आणि त्या खोलीत पडदा बघू शकणारी मी एकटी होते. त्या गोष्टीचा मी फायदा घेतला. इतक्या वर्षांनी लिहितानाही हे वाक्य हाताला जड जातं.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, राहू दे, वाचून दाखवायला दोन जणी लावते. त्या गेल्यावर हबीब सर यंत्रापाशी स्टुलावर बसून राहिले.

"मॅडम, एक विचारू? ही मशीन बंद पडायच्या जरा आधी आतल्या पेटीत काहीतरी घासतं. खरखर खरखर. कावून?"

मी म्हणाले, "डिस्क असेल."

"एक पान छापताना घासत न्हाई. लांबलचक धडा असला की घासतं, आन मग बंद पडतं. दरवेळी. मी चार दिवस ऐकतोय." त्यांनी मान पडद्याच्या दिशेला वळवली. "आन बंद पडताना ती पडद्यावर काही लिहिते का?"

मला वाटतं त्यांना ठाऊक होतं. निदान संशय होता. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, "शेड्यूलिंग इन इंटरप्ट."

"म्हंजे काय?"

"माहीत नाही, सर. आणि व्होल्टेजचं मी खोटं सांगितलं. चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे. कुठं आहे ते सापडत नाही म्हणून मी..."

"मग ते शोधायला पायजे," ते म्हणाले. बस. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं आणि बेटा म्हणायला लागले.

त्या दुपारी मी क्लासला दांडी मारली. शाळेच्या व्हरांड्यात झेरॉक्सची पानं पसरली, त्यांवर दगड ठेवले, आणि डिस्क खरखरते ती केव्हा, तिथून सुरुवात केली. सरांच्या कानानं मला धाग्याचं टोक दिलं होतं. डिस्क खरखरते ती मेमरी अपुरी पडली की. आमच्या कॉम्प्युटरला मेमरी होती आठ एमबी. लांब धड्याचं ब्रेल करताना ती भरून जायची आणि कॉम्प्युटर आतलं काही सामान डिस्कवर हलवून जागा करायला लागायचा.

संध्याकाळपर्यंत मला ती ओळ सापडली. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा आतला मूळ कारभार. त्या कारभारात काम करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला जागा लागली तर ती मागावी लागते, आणि मागताना ती कशी हवी हेही सांगावं लागतं. त्यासाठी एक खूण असते. एका खुणेचा अर्थ, आत्ता जागा नसेल तर मी झोपते, झाली की उठवा. दुसरीचा अर्थ, मला थांबता येणार नाही, असेल तर आत्ता द्या, नसेल तर नाही म्हणा. पहिलीचं नाव जीएफपी कर्नल, दुसरीचं जीएफपी अॅटॉमिक. पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणात पहिली खूण होती. तीच मी सगळीकडे उतरवली होती, अर्थ न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सरांना आणि कौसल्याला सांगितलं. यंत्राची एक ओळ टोचून झाली की ते कॉम्प्युटरला हाक मारतं, पुढची दे. ती हाक म्हणजे इंटरप्ट. हाक आली की कॉम्प्युटर हातातलं सगळं तसंच टाकून धावतो. त्या धावण्यात त्याला झोपायची मुभा नसते, कारण ते धावणं कुठल्याच कामाच्या नावावर नसतं; झोपला तर परत उठवायचं कोणाला, याची नोंदच नसते. आणि नेमकी तिथंच, धावता धावता, मी जागा मागितली होती आणि म्हटलं होतं, नसेल तर झोपते.

"मग एक पान कसं यायचं?" कौसल्यानं विचारलं.

"तेव्हा जागा भरपूर असायची. मागितली की मिळायची. झोपायची वेळच यायची नाही."

"म्हंजे चूक पहिल्यापासून होती," हबीब सर म्हणाले. "जागा होती तवर दिसली न्हाई."

मी खूण बदलली. एक शब्द. धडा लावला. डिस्क खरखरली, तरी यंत्र चालतच राहिलं. दहा पानं, बारा पानं, पूर्ण धडा. सर स्टुलावर बसल्या बसल्या मान डोलवत होते. मी धावत जाऊन मुख्याध्यापिकांना बोलावून आणलं.

त्या आल्या तेव्हा कौसल्या सातव्या पानावर होती. तिचं बोट थांबलं, मागं गेलं, परत पुढं आलं.

"ताई, इथं ओळ न्हाई."

"कागद सरकला असेल."

"कागद न्हाई सरकला. वाक्य अर्धंच हाय. भिंगातून जाताना प्रकाश... आन मग एकदम दुसरंच."

मुख्याध्यापिका परत गेल्या. मी ते पान हातात घेऊन उभी राहिले. ठिपके मला वाचता येत नव्हते, पण तिचं बरोबर असणार हे माहीत होतं. आता माझा प्रोग्राम झोपत नव्हता. जागा नाही असं उत्तर आलं की तो ओळ टाकून पुढं जात होता, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. आधी निदान कळायचं की बिघडलंय. आता पान पूर्ण दिसायचं आणि मुलगी चुकीचं शिकली असती.

हाच मुद्दा आजही माझ्या डोक्यात सगळ्यांत ठळक आहे. मी आता हेच काम करते, दुसऱ्यांनी लिहिलेले ड्रायव्हर तपासते. नवी मुलं हुशार असतात. झोपायची खूण चुकीच्या जागी सहसा टाकत नाहीत, कारण तशी तंबी देणारी साधनं आता हाताशी असतात. पण नाही असं उत्तर आलं तर काय करायचं, हे लिहायला अजूनही विसरतात. मी त्यांना फटकारत नाही. मी त्यांना एवढंच विचारते, की तुमची गळलेली ओळ कोणाला सापडेल?

उपाय सांगितला नंदूनं. शाळेसमोरच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, पण तिथं मागतेसच कशाला? छपाई सुरू करतानाच मागून ठेव ना. तेव्हा झोपायला परवानगी आहे. एक कप्पा भरत ठेव, दुसरा यंत्राला दे. हाक आली की नुसती अदलाबदल."

इतकं साधं होतं. आधी, शांतपणे, थांबता येतं तेव्हा मागायचं. मी बूथच्या काचेला डोकं टेकवून हसले. बूथवाला विचित्र नजरेनं बघत होता.

ते बदलायला दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी पहिला धडा निघाला. कौसल्यानं तो एका शिक्षिकेला समोर पुस्तक धरायला लावून ओळन् ओळ वाचला. तोवर मी अंगणात कडुनिंबाखाली फेऱ्या मारत होते. ती दारात आली, तेव्हा हातात पानांचा गठ्ठा होता, उशीएवढा जाड. म्हणाली, "सगळ्या हायत."

त्यानंतर अकरा वाजेपर्यंत यंत्र थांबलं नाही, रोज. मी ते सुरू केलं की तो आवाज हायवेपर्यंत ऐकू जायचा. कौसल्या एका बाजूनं निघालेला धडा घेऊन व्हरांड्यात बसायची. पाय लांब करून, मांडीवर कागद, तोंड उन्हाकडे. एकाच ओळीवरून बोट पुन्हा पुन्हा जाताना मी तिला बघितलं आहे. कोणी घाई करत नव्हतं. शेवटचा धडा विज्ञानाच्या पेपरच्या सहा दिवस आधी निघाला.

पेपरला तिच्याबरोबर लिहायला नववीतली एक मुलगी होती. ही सांगायची, ती लिहायची. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा गेला? "भिंगाचं आलंतं," ती म्हणाली. "ती पोरगी ‘अंतर्गोल’ लिवायला लागलीती. मी म्हनलं, बहिर्गोल म्हनलंय मी, खोड ते." जूनमध्ये निकाल लागला, सेकंड क्लास. दिंद्रुडहून तिची आई पेढे आणि बांगड्या घेऊन आली आणि शाळेतल्या प्रत्येक बाईच्या हातात तिनं स्वतः त्या भरल्या, माझ्याही. कौसल्या आता जालन्याला शिक्षिका आहे. हबीब सर जाऊन बरीच वर्षं झाली.

पण त्या मोसमाचं मला शेवटचं म्हणून जे आठवतं ते निकालाचं नाही. एप्रिलचं आहे. परीक्षा संपल्या होत्या, मुलं गावाला गेली होती, कागदाचे बरेच ताव उरले होते. मी यंत्रावर कापड घालायला म्हणून गेले होते. सर म्हणाले, "बेटा, माझ्यासाठी काहीतरी छापतीस का?"

"छापते की. काय हवं? गोष्टींचं पुस्तक?"

"न्हाई. तुझा तो प्रोग्राम. दोन महिने त्याच्याबद्दल ऐकतोय. बघावा तरी."

इंग्रजी ब्रेल त्यांना येत होतं. कंस, अर्धविराम, बाण, अशा चिन्हांसाठी आम्ही दोघांनी बसून ठिपके ठरवले. सतरा पानं झाली. रोज सकाळी ते दोन-तीन पानं वाचायचे आणि विचारायचे. हे काय, ते काय, इथून कुठं जायचं. मी समोर बसून सांगायची. व्हरांड्यात ऊन चढत यायचं आणि आम्ही स्टूल आत आत सरकवत जायचो. त्यांना कॉम्प्युटर शिकायचा नव्हता. त्यांना फक्त वाचायचं होतं, आणि ते इतिहासाचं पुस्तक वाचावं तसं वाचत होते, कोण कुठून आलं आणि पुढं त्याचं काय झालं ते धरून.

पाचव्या दिवशी नवव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हितं तू दोन कप्पे मागतीस."

"हो सर. छपाई सुरू करताना."

"पहिला मिळाला. दुसरा मागितला, न्हाई म्हनले. मग?"

"मग मी काम होणार नाही असं सांगून परत फिरते. ओळ नाही गाळत आता." माझ्या आवाजात थोडी फुशारकी असणार.

"ते वाचलं मी. पर पहिल्याचं काय?"

मला कळलं नाही.

"मागून घेतलेली जागा काम झाल्यावर परत द्यायची, असं तूच म्हनलीस परवा. शेवटच्या पानावर ती देतीस पन. दोन्ही. ते पान मी काल पुढं जाऊन वाचून आलो. पर हितून जर तू परत फिरलीस तर शेवटच्या पानावर जातच न्हाईस. मग पहिला कप्पा कुणाकडं ऱ्हातो?"

मी कॉम्प्युटर चालू केला. ती ओळ शोधली, तिच्या खालची ओळ बघितली, मग त्याच्याही खालची. त्या वाटेवर परत करणं नव्हतं. दुसरा कप्पा नाकारला गेला की पहिला कायमचा अडकून राहणार होता, दरवेळी थोडी थोडी जागा खात. मी ते शंभर वेळा वाचलं होतं. टपालानं पाठवलेल्या प्रतीत नंदूनंही वाचलं होतं.

मी ती एक ओळ लिहिली आणि सरांना सांगितलं, "केलं सर. बरोबर होतं तुमचं."

त्यांनी गठ्ठ्यातून नववं पान काढलं, कडा जुळवून घडी घातली आणि माझ्याकडे दिलं.

"मग हे आता चुकीचं झालं," ते म्हणाले. "मला नवं दे."